मोरेश्वर ओळखी वाढवतो

मोरेश्वर त्र्यंबक ओझरकर, वय वर्षे एकेचाळीस, हा खडकमाळ नावाच्या गावात राहणारा एक भोळा गृहस्थ होता. त्याचा व्यवसाय व्हर्च्युअल असिस्टंटचा. म्हणजे परगावच्या लोकांची पत्रे, बिले आणि भेटीगाठींच्या वेळा तो घरी बसून संगणकावर सांभाळीत असे. सांगितलेले काम तो सांगितल्याप्रमाणेच करी. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही.

पुढे त्याचे एकुलते एक गिऱ्हाईक सुटले. पत्नी शालनबाई चिंतेत पडल्या. त्यांच्या भावाची लाकडाची वखार होती. दिवाळीपर्यंत नवे काम मिळाले नाही, तर दोघांपैकी एकाला त्या वखारीत जाऊन बसावे लागणार होते. मोरेश्वरला लाकडाच्या भुशाने दमा उठे. शालनबाईंना भावजय सोसत नसे.

"अहो, घरात बसून कोण ओळखणार तुम्हांला?" शालनबाई म्हणाल्या. "चार माणसांत जा. व्यापारी मंडळाचा मेळावा आहे. प्रत्येकाच्या हातात आपले कार्ड द्या आणि स्पष्ट सांगा, मला काम हवे आहे."

"प्रत्येकाच्या?"

"प्रत्येकाच्या."

मोरेश्वर मेळाव्याला गेला. तेथे सर्वजण सर्वांना कार्डे देत होते आणि कोणीही कोणाचे वाचीत नव्हते. मोरेश्वरने प्रत्येकाच्या हातात कार्ड दिले. वाढप्याच्याही हातात दिले. उरले फक्त प्रमुख पाहुणे. ते व्यासपीठावर भाषण करीत होते आणि त्यांच्या हातात माइक होता. मोरेश्वरने व्यासपीठावर चढून तो माइक काढून घेतला, रिकाम्या हातात कार्ड ठेवले आणि माइकमध्ये स्पष्ट सांगितले, "मला काम हवे आहे."

दोघा स्वयंसेवकांनी त्याला बाहेर पोहोचवले.

शालनबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, असे कोणी काम मागते का? आधी समोरच्याची अडचण काय ते शांतपणे ऐकून घ्यावे. मग म्हणावे, काळजी करू नका, ती जबाबदारी माझी."

"असे होय? पुढच्या वेळी तसेच करतो."

पुढची वेळ लवकरच आली. लोखंडाचे व्यापारी भानुदासशेठ वारले. गाव समाचाराला गेले, मोरेश्वरही गेला. शेठजींच्या पत्नी हुंदके देत होत्या. मोरेश्वर त्यांच्यासमोर बसला आणि त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"आता ह्यांची जागा कोण भरून काढणार हो?" त्या म्हणाल्या.

"काळजी करू नका," मोरेश्वर म्हणाला, "ती जबाबदारी माझी. सोमवारी सकाळी नऊपासून येतो."

शेठजींच्या थोरल्या मुलाने त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर नेले. चपला मागाहून हवेतून आल्या.

"अहो, तेथे का असे बोलायचे असते?" शालनबाई रडकुंडीला आल्या. "मान खाली घालावी, हात जोडावेत आणि म्हणावे, झाले ते वाईट झाले, आता धीर धरा."

"असे होय? पुढच्या वेळी तसेच करतो."

त्याच आठवड्यात रामकृष्ण भुसारी यांच्या मिठाईच्या दुकानाचे उद्घाटन झाले. फीत कापली गेली, सनई वाजली. मोरेश्वर भुसारींपुढे मान खाली घालून उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"झाले ते वाईट झाले. आता धीर धरा."

भुसारी दचकले. "का हो? काय झाले?"

मोरेश्वरने दुकानाकडे पाहून सुस्कारा टाकला. भुसारींच्या मातोश्रींनी पदर डोळ्यांना लावला. रांगेतली निम्मी गिऱ्हाइके, काहीतरी घडले असावे असे समजून, पेढे न घेताच परतली.

त्या संध्याकाळी शालनबाई म्हणाल्या, "तुम्ही तोंड उघडता हाच सगळा घोटाळा आहे. यापुढे कोणी काहीही म्हणो, एवढेच म्हणा, मला काही नको, आपली कृपा असू द्या. हे शब्द लग्नात चालतात, बारशात चालतात, कुठेही चालतात."

"कोणी काहीही म्हणाले तरी?"

"कोणीही. काहीही."

दिवाळीच्या तोंडावर व्यापारी मंडळाची वार्षिक सभा भरली. या वेळी शालनबाई स्वतः बरोबर आल्या आणि बायकांच्या रांगेत बसल्या. अध्यक्ष अण्णासाहेब खरवडे उठले.

"मंडळी, आपल्या सहा सभासदांचा पत्रव्यवहार तुंबला आहे. ते काम जाणणारे गावात एकटे ओझरकर आहेत. झाले गेले आपण पोटात घालू. ओझरकर, त्यांच्या सहाही दुकानांचा पत्रव्यवहार सांभाळा. दरमहा मेहनताना काय घ्याल?"

शालनबाईंचा जीव भांड्यात पडला.

मोरेश्वर उठला. हात जोडून म्हणाला, "मला काही नको. आपली कृपा असू द्या."

सभा चकित झाली. "अहो, काहीतरी घ्या," अण्णासाहेब म्हणाले. "निदान प्रवासखर्च?"

"मला काही नको. आपली कृपा असू द्या."

शालनबाई रांगेतून उठून ओरडल्या, "अहो, हो म्हणा! पैसे घ्या म्हणते ना मी!"

मोरेश्वर त्यांच्याकडे वळला. त्यांनाही त्याने आदराने हात जोडले.

"मला काही नको. आपली कृपा असू द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भुसारींचे डोळे भरून आले. भानुदासशेठांच्या थोरल्या मुलाने पुढे येऊन मोरेश्वरला हार घातला. अण्णासाहेब गहिवरून म्हणाले, "असा निःस्वार्थी मनुष्य मी आयुष्यात पाहिला नाही," आणि मोरेश्वरला तहहयात बिनपगारी चिटणीस नेमण्याचा ठराव त्यांनी तेथल्या तेथे एकमताने मंजूर करून घेतला.

तेव्हापासून सहाही दुकानांचा पत्रव्यवहार मोरेश्वर घरी बसून विनामूल्य करतो, आणि शालनबाई रोज सकाळी भावाच्या वखारीत कामाला जातात.