गुडघ्याचा कौल

काळी गाडी घ्यायची की पांढरी, हे हणमंता ड्रायव्हरनं उद्या दुपारी बाराच्या आत सांगायचं होतं. नाही सांगता आलं, तर वीस वर्षांची नोकरी सोडून, किल्ल्या टेबलावर ठेवून घरी जायचं होतं.

दोन्ही गाड्या अप्पासाहेबांच्या बंगल्यासमोर उभ्या होत्या. अंगानं आटोपशीर, रुबाबानं भल्यामोठ्या, आणि शोरूमवाल्यांनी दोन दिवस पारखायला दिलेल्या. काळी थोरल्या जावयांनी पसंत केली होती, पांढरी धाकट्या जावयांनी.

"शंभराचा वेग आठ सेकंदांत घेते," थोरले सांगत होते.

"हिच्यात आत अकरा रंगांचे दिवे आहेत," धाकटे सांगत होते.

अप्पासाहेब बेदाण्याचे मोठे व्यापारी. बंगल्यापासून मार्केट यार्ड दीड किलोमीटर, आणि वाटेत सात गतिरोधक. त्यांना ना शंभराचा उपयोग होता, ना अकराचा. पण एका जावयाची गाडी घ्यावी तर दुसरा रुसणार. मागच्या दिवाळीत थोरल्यांच्या ताटाभोवती रांगोळी काढायची राहिली, तर ते न जेवताच निघून गेले होते!

म्हणून अप्पासाहेबांनी ते घोंगडं हणमंताच्या गळ्यात टाकलं. वर अटी घातल्या.

"तू गाडीत बसायचं नाहीस. बसलास की तुला चालवायला सोपी तीच चांगली म्हणशील. दोन्हींपैकी एकीलाही नावं ठेवायची नाहीत. आणि जावई रुसला, तर तू गेलास."

हणमंता बंगल्यामागच्या आपल्या खोलीत येऊन कपाळाला हात लावून बसला. त्याची मुलगी वैजू भूगोलाचा नकाशा रंगवत होती. वैजू फारशी बोलायची नाही. पण बंगल्यात कोण कसं चालतं, कोण कुठल्या पायरीवर थांबतं, हे सगळं तिच्या ध्यानात असायचं.

"बाबा, तुम्ही बसायचं नाही, एवढंच म्हणाले ना?"

"हो."

"साहेबांनी बसायचं नाही, असं नाही ना म्हणाले?"

"ते स्वतःला कशाला बंदी घालतील?"

"मग उद्या तुमचा मोबाइल मला द्या," वैजू म्हणाली आणि नकाशातल्या समुद्राला निळा रंग देऊ लागली.

सकाळी अकरा वाजता ती बंगल्याच्या पायऱ्यांपाशी जाऊन उभी राहिली. अप्पासाहेब आणि दोन्ही जावई चहा घेत होते. तिनं मान खाली घालूनच विचारलं, "साहेब, पुढच्या आठवड्यात तुमचा वाढदिवस. चौकात फ्लेक्स लागेल. गाडीतून उतरताना नमस्कार करतानाचा फोटो काढू का?"

फ्लेक्सचं नाव काढताच अप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. फेटा बांधून आले. "कुठल्या गाडीतून उतरू?"

"दोन्हींतून. मग चांगला निघेल तो लावू."

आधी काळी. अप्पासाहेब आत बसले, वैजूनं मोबाइल धरला आणि ते उतरू लागले. पहिल्यांदा फेटा छताला अडकून नाकावर आला.

"पुन्हा काढ," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा फेटा वाचला, पण दोन्ही हात दाराला धरलेले होते. तिसऱ्यांदा नमस्काराला हात सोडले आणि ते पुन्हा सीटवर जाऊन बसले. चौथ्यांदा उतरले खरे, पण तोंडातून मोठ्यानं निघालं, "अगं आई गं!"

मग पांढरी. तिचं दार उंच, सीटही जरा वर. अप्पासाहेब एका दमात बाहेर आले, नमस्कार केला आणि वर म्हणाले, "कोण आहे रे तिकडे? चहा गरम करा."

घड्याळात बाराला पाच कमी होते.

"हणमंता," अप्पासाहेबांनी हाक मारली, "बोल. कुठली?"

हणमंतानं वैजूकडे पाहिलं. वैजू मोबाइल पुढे करत म्हणाली,

"साहेब, काळी गाडी फार मायाळू आहे. तुम्हाला सोडायलाच तयार नाही. हे बघा, चार फोटो. पांढरी मात्र लगेच निरोप देते. रात्रभर मुक्काम करायचा असेल तर काळी घ्या. यार्डात सौद्याला वेळेवर उतरायचं असेल तर पांढरी."

थोरल्या जावयांचा चेहरा आंबला. "म्हणजे माझ्या गाडीत खोट आहे?"

"नाही हो, दादासाहेब," वैजू घाईनं म्हणाली. "गाडीत काही खोट नाही. तक्रार साहेबांच्या उजव्या गुडघ्याची आहे. पायऱ्या चढतानाही तो तिसऱ्या पायरीवर कुरकुरतो."

"मग मी रुसायचं कुणावर?"

"गुडघ्यावर रुसा. पण तोही सासऱ्यांचाच. त्याचा मान राखायला हवा."

मग थोरल्यांनी नाकावर फेटा आलेला फोटो पाहिला आणि त्यांनाच हसू फुटलं. धाकट्यांनी डोकावून पाहिलं. अप्पासाहेबांनी तर मोबाइल हातात घेतला आणि पोट धरून एवढे हसले, की फेटा या खेपेला गाडीविनाच नाकावर आला.

"पांढरी!" ते म्हणाले. "हणमंता, किल्ल्या तुझ्याकडेच ठेव. आणि पोरी, तुला काय देऊ?"

वैजूनं पुन्हा मान खाली घातली. "एकदा मागच्या सीटवर बसून शाळेत जायचं आहे."

सोमवारी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी पांढरी गाडी शाळेच्या फाटकाशी थांबली. हणमंतानं पुढून उतरून मागचं दार उघडलं. वैजू दप्तर सावरत बाहेर आली, साऱ्या वर्गाला नमस्कार केला, आणि तोंडातून 'आई गं' निघालं नाही.