आत गेलेली पावलं

फार वर्षांपूर्वी, बोरजाईला पोलीस ठाणं नव्हतं तेव्हा, गावाची राखण येसूनाना खोमणे करायचा. जातीनं रामोशी, कामानं जागल्या. हातात काठी असायची, पण ती कुणावर उचललेली कुणी पाहिली नाही. नाना जमिनीकडं बघायचा. मातीतलं पाऊल पाहून माणूस उपाशी आहे की जेवलेला, हे त्याला कळायचं, असं म्हणतात. चोराचा माग काढत तो थेट त्याच्या दारात जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "वाईच पाणी दे रं." त्याचं पाणी पिऊन होईस्तोवर चोरलेली वस्तू अंगणात यायची.

मग गावाला ठाणं आलं. कौलारू इमारत, पुढं मातीचं अंगण, आत खाकीतला फौजदार. जागल्याचं काम सरकारनं बंद केलं. तरी माग काढायचा झाला की फौजदार नानालाच बोलवायचा, आणि नानाला त्याचं बरं वाटायचं.

एका चैत्रात देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. नाना देवळापुढं उकिडवा बसला. बराच वेळ बघून म्हणाला, "ह्यातलं एक पाऊल म्हसरं राखणाऱ्या महिपतचं हाय. पर सायेब, ते पाया पडून माघारी गेलेलं पाऊल हाय. चोराच्या पायात..."

फौजदारानं पहिलंच वाक्य ऐकलं होतं. "पुढचं आम्ही बघतो," म्हणून त्यानं पाठ फिरवली. नाना काठी उचलून घरी गेला.

त्याच दुपारी महिपतला धरून नेलं. तिसऱ्या दिवशी त्याची आई सोनाक्का ठाण्यात गेली, तर हवालदार म्हणाला, "त्याला कालच सोडला. गेला असेल पळून."

सोनाक्का तडक नानाकडं आली. रडली नाही. म्हणाली, "नाना, तुझ्या तोंडून त्याचं नाव गेलं. आता तूच सांग, माझं लेकरू कुठं गेलं."

भर उन्हात, अख्ख्या बाजारादेखत नाना ठाण्याच्या अंगणात गुडघ्यांवर बसला. मग उठून मोठ्यानं म्हणाला, "महिपतची पावलं पायरीपातूर गेल्यात. बाहीर आलेलं एकबी न्हाई. बाहीर आल्यात ती दोन माणसांची, बुटातली. टाचा खोल रुतल्यात. वझं हुतं त्यांच्याकडं."

तो माग दगडाच्या खाणीपर्यंत गेला. खाणीतल्या पाण्यात महिपत सापडला.

जिल्ह्याचा मोठा साहेब आला. त्यानं नानाला विचारलं, "हे कुणी डोळ्यांनी पाहिलं का?"

"मातीनं पाह्यलंय, सायेब."

साहेब हसला नाही, रागावलाही नाही. कागदावर 'पाय घसरून मृत्यू' असं लिहिलं गेलं. आणि आठवड्याच्या आत ठाण्याच्या अंगणात शहाबादी फरशी बसली.

नाना त्या फरशीसमोर चिंचेखाली येऊन बसला, तो उठलाच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच सांगायचा, "अर्धंच बोलून थांबलो. सायबाचा हात धरून पुरतं बोलाया पायजे हुतं." भाकर आणली तर नुसती बघायचा. अकराव्या दिवशी तिथंच गेला.

असं म्हणतात, दुसऱ्या सकाळी त्या झाडलेल्या फरशीवर लाल मातीची अनवाणी पावलं उमटली. सगळी आत जाणारी. हवालदारांनी ती धुतली, रॉकेल ओतून घासली, तरी महिनाभर रोज उमटत राहिली. फौजदार बदली मागून गेला. पुढं त्याला बढती मिळाली, हेही गाव विसरलेलं नाही. मुखवटा काही सापडला नाही.

आता ठाणं दुमजली आहे. काचेचं दार, बसायला खुर्च्या, भिंतीवर तक्रारपेटी, चारी कोपऱ्यांत कॅमेरे. ज्या दिवसाचं चित्रण बघायची वेळ येते, नेमके त्या दिवशी ते बंद असतात. म्हणून बोरजाईत अजूनही कुणाला ठाण्यातून बोलावणं आलं, की घरची बाई परातीत लाल माती कालवते. जाणारा त्यात दोन्ही पाय बुडवतो, येसूनानाचं नाव घेतो आणि अनवाणी निघतो. घरचं एक माणूस फरशीसमोर बसून राहतं. बाहेर येणारी पावलं दिसेपर्यंत त्या घरात चूल पेटत नाही.