हौसा पेटवण्याआधी

"बाबा, त्या दिवशी प्रवचनात तुम्ही 'हौसा' म्हणालात... ती माझीच हौसा ना?"

केवलगिरी बाबा मठाच्या ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान काही वर केली नाही.

"बोला ना, बाबा. माझ्या कारखान्याचीच चूल तुमच्या मनात होती, एवढं कोर्टात येऊन सांगा. पुढचं माझं मी बघतो."

"मी काय म्हणालो होतो?"

"मन असं पेटावं, जशी हौसा पेटते. उजेड पडावा, पण धूर होऊ नये."

"बरं बोललो की," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

आता या अंबादासशेठ तांबटांचं सांगायचं तर, जगात माणसं नाव होत नाही म्हणून रडतात. या गृहस्थावर नाव फार झालं म्हणून रडायची पाळी आली होती. तरुणपणी त्यांनी बिनधुराची चूल बनवली. लोखंडी, बसकी, लाकडावर चालणारी. धुरानं डोळे गेलेल्या आपल्या आईचं नाव तिला दिलं, हौसा. चूल घरोघर गेली. इतकी गेली की मागाहून दुसऱ्यांनी तशाच चुली काढल्या, तर लोक त्यांनाही हौसाच म्हणू लागले. बायका दुकानात जाऊन खुशाल म्हणायच्या, "एक हौसा द्या हो, कुठल्याही कंपनीची चालेल!"

हे ऐकलं की शेठच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. 'नुसतं हौसा म्हणू नका, हौसा छाप चूल म्हणा,' अशा जाहिराती त्यांनी दिल्या. लग्नाच्या मांडवात जाऊन आचाऱ्याला शब्द सुधारायला लावला. घरात बायको चुकली तर तिच्याशी अबोला धरला. शेवटी 'ज्वाला' कंपनीनं आपल्या खोक्यावर 'हौसा' छापलं, तेव्हा त्यांनी दावा ठोकला. तर तिथं भलतंच! समोरचा वकील म्हणाला, हे आता एका मालाचं नाव राहिलंच नाही, त्या जातीच्या सगळ्या चुलींचं नाव झालंय, तेव्हा यांनी केलेली नावाची नोंदणीच रद्द करा. आणि पुरावा म्हणून त्यानं शेठच्याच गुरूंचं प्रवचन कोर्टाला ऐकवलं. घ्या!

"समजा, गेली नोंदणी," बाबा म्हणाले. "काय जाईल?"

"आईचं नाव जाईल, बाबा. तिचं मागे दुसरं काही नाही. एक फोटोसुद्धा नाही हो."

"कोणी घेतं का तिचं नाव?"

"सगळेच घेतात! तेच तर दुखणं आहे!"

बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. हसले नाहीत.

"शेठ, मी नुसती चूल म्हणून म्हणालो. कोणाची, ते मनात आलंच नव्हतं."

"आलं होतं म्हणा. एका वाक्याचा तर प्रश्न आहे."

बाबांनी शेंगा ठेवलेलं सूप उचललं.

"भूक लागली. चला, स्वयंपाकघरात जाऊ."

अंबादासशेठ मनातून चरफडले. इतकी वर्षं या माणसाच्या पायाशी बसलो, आणि वेळ आली तर साधं एक वाक्य याच्या तोंडून निघू नये? पण गुरू उठला म्हटल्यावर शिष्यालाही उठावं लागतं.

मठाच्या स्वयंपाकघरात आसपासच्या गावच्या बाया पाळीपाळीनं रांधायला येत. त्या दिवशी शेवंता नावाची एक तरणी बाई आली होती. पीठ चाळून झालं होतं, दोन चुली शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. शेठची नजर आधी गेली ती चुलींवरच्या पितळी पट्ट्यांवर. दोन्हींवर एकच नाव होतं.

"बाबा! मठात... ज्वाला?"

"असेल. कोणीतरी आणून दिल्या. आम्ही हौसाच म्हणतो."

शेठ काही तरी जळजळीत बोलणार होते. पण तेवढ्यात शेवंतानं सरपण सारलं, काडेपेटी हातात घेतली आणि ती थांबली. मोकळ्या हाताची बोटं तिनं चुलीच्या कडेवरून हळूच फिरवली, एखादं आंधळं माणूस चाचपतं तशी. मग तीच बोटं मिटल्या डोळ्यांना लावली. आणि मग काडी ओढली.

शेठ दोन पावलं पुढे आले.

"हे... हे काय केलंस, बाई?"

"काय केलं?"

"डोळ्यांना हात लावलास तो."

"अगं बाई, तुमच्याकडं न्हाई करत?" शेवंताला नवल वाटलं. "हौसा अशीच पेटवत्यात. आधी तिची कड चाचपायची, मग डोळ्याला लावायचं."

"कोणी सांगितलं तुला?"

"सासूनं. तिनं म्हणं बाजारात बघितलेलं. चूल इकणाऱ्यासंगं एक म्हातारी बसायची. पेटवायच्या आधी ती दर टायमाला असंच करायची. ते बघून समद्याच बाया करायला लागल्या. आता आमच्या पट्ट्यात तसं केल्याबिगर कोणी काडी वढत न्हाई."

"कोण होती ती म्हातारी?"

"काय की. सासूलाबी ठावं नव्हतं. तुम्हाला हाय का ठावं?"

अंबादासशेठ चुलीशेजारी खाली बसले.

ते चूल विकत गावोगावच्या बाजारांत फिरायचे तेव्हा आई हट्टानं बरोबर यायची. चूल पेटवण्याचा मान तिचा. दिसत नव्हतं, म्हणून काडी ओढण्याआधी ती कड चाचपायची. डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, म्हणून त्याच हातानं डोळे पुसायची. एवढंच होतं ते! त्यात ना पूजा, ना विधी. पण भोवतीच्या बायांनी तोच विधी धरला. आणि आपण मात्र ओरडून ओरडून गिऱ्हाइकं गोळा करत होतो, तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही...

अन् त्याच्याही आधीचं एक आठवलं. पहिलीवहिली चूल परसात पेटवली होती, तिथं मायलेकांशिवाय तिसरं कोणी नव्हतं. आईला काही केल्या खरं वाटेना. नाक वर करून ती वास घेत राहिली होती. "पेटली म्हणतोस... मग धूर कुठंय रे, अंबू?" ती गेली आणि अंबू म्हणणारंही कोणी उरलं नाही. हे बोलणं शेठनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

बाबांनी शेवंताच्या हातातून काडेपेटी घेतली आणि शेठपुढे धरली.

"ती दुसरी तुम्ही पेटवा."

"बाबा, ही माझी हौसा नव्हे."

बाबा काडेपेटी तशीच पुढे धरून राहिले...

शेठनी ती घेतली. किती वर्षांत त्यांनी चूल पेटवली नव्हती, घरी गॅस होता. काडी काढली. ओढणार, तोच दुसरा हात आपसूक पुढे गेला. दावा ज्यांच्यावर लावला होता, त्यांच्याच चुलीची ती गार कड त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली. आणि हात डोळ्यांना लावला. मग तो हात लवकर खाली येईना. शेवंता बिचारी गोंधळून बाबांकडे बघू लागली.

चूल पेटली.

काडी विझवत शेठ म्हणाले, "बाबा, तारखेला तुम्ही यायला नको. मी दावा काढून घेतो."

बाबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते डोळे मिटून चुलीजवळ सरकले होते आणि नाक वर करून वास घेत होते.

"पेटली?"

"पेटली, बाबा."

"मग धूर कुठंय रे, अंबू?"