म्यानावरच्या पाच खळ्या

डोंगराच्या कुशीत, जिथे सकाळचे ढग न विचारता घरात शिरतात आणि चुलीपाशी अंग शेकून निघून जातात, तिथे सोनकी नावाची एक मुलगी राहत होती. आठ वर्षांची सोनकी दिवसातून शंभर प्रश्न विचारायची. मुंग्या शिंकतात का? फुलपाखराला पाय दुखले तर ते कुठे बसतं? उत्तर मिळालं नाही की स्वतःच बोट घालून बघायची, आणि म्हणून तिच्या बोटांना कायम काहीतरी लागलेलं असायचं.

तिची आई हौसा म्यानं करायची. म्यान म्हणजे सुरीचं घर. राजाच्या तलवारीचं नव्हे हं! मध काढणाऱ्यांच्या सुऱ्या, बुरडांच्या कोयत्या, माळणींचे छोटे छोटे विळे, या साऱ्यांना हौसा घर बांधून द्यायची. आधी रापीने कातडं कापायचं, आरीने भोकं पाडून टाके घालायचे. मग ते पाण्यात मऊ भिजवायचं, आत सुरी सरकवायची आणि वरून बोटांनी दाबत राहायचं. पातं कुठे फुगतं, कुठे निमुळतं होतं, सगळं बोटांनी कातड्याला सांगायचं. मग सुरीसकट सुकू द्यायचं. एकदा सुकलं की कातडं तो आकार जन्मभर विसरत नाही. हौसाचं म्यान उलटं धरून गदागदा हलवा, सुरी जागची हलायची नाही.

पण गेल्या थंडीत हौसाच्या उजव्या हाताची बोटं आखडली. आखडली ती आखडलीच. तिला भाकरी थापता येईना, सोनकीची वेणी घालता येईना, मग म्यान कुठलं दाबता येणार? सोनकीने काम हाती घेतलं. टाके तिचे छान पडायचे. पण म्यान सुकायच्या आतच ही बया "बघू तरी कसं झालंय" म्हणून सुरी बाहेर ओढायची. झालं! ओलं तोंड सैल पडायचं आणि सुरी धपकन पायाशी. एकेक करून गिऱ्हाइकं येईनाशी झाली. मडक्यातली बाजरी तळाला गेली. घरात आता कातड्याचा एकच तुकडा उरला होता, तळहाताएवढा. मध काढणाऱ्या गोंदाआजोबांचं जुनं म्यान टोकाशी फाटलं होतं. त्याला तो तुकडा लावून दिला की आजोबा टोपलीभर बाजरी देणार होते.

"नीट भिजव गं," आई म्हणाली. "येवढाच हाय आपल्याकडं."

सोनकी कातडं, आरी, दोरा, रापी असं सगळं पिशवीत घालून ओढ्यावर गेली. काठावर निळी, जांभळी, पिवळीधमक फुलं डुलत होती आणि गवताच्या पात्यापात्यावर दवाचे टपोरे मणी लुकलुकत होते. आणि एका दगडावर, अगदी पायाशी, कुणीतरी हुंदके देत बसलं होतं.

ती होती वीतभर उंचीची परी! तिच्या झग्यात सकाळचे सगळे रंग होते. पंख मात्र चिरलेले होते. रुपेरी कडेवर ठिकठिकाणी बारीक बारीक काप पडले होते.

"अगं बाई! कुणी केलं हे?" सोनकीने विचारलं.

"माझ्याच विळ्याने," परी म्हणाली. तिच्या कमरेला बोटाएवढा, चंद्रकोरीसारखा विळा लटकत होता. "मी रोज पहाटे पिकलेलं दव तोडते. विळा बोथट असून चालत नाही. पण उडताना तो हलतो आणि पंखाला लागतो. आज आणखी एक काप पडला तर मला परत वर जाता येणार नाही."

"मग म्यान नाही का तुला?"

"म्यान म्हणजे काय?" परीने विचारलं.

सोनकीने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. वाकड्या विळ्याला कातडं मधोमध कापावं लागलं असतं, आणि उरलेल्या चिंध्यांत आजोबांचं काम होणार नव्हतं. तिला टोपलीभर बाजरी दिसली. मग तिने परीचा पंख पाहिला, आणि रापी काढली.

तिने कातडं कापलं, टाके घातले, ओढ्यात भिजवलं, विळा आत सरकवला आणि जीव ओतून दाबलं. इवलंसं म्यान उन्हात दगडावर ठेवलं.

परीने डोळे पुसले. "तुला एक इच्छा देते," ती म्हणाली. "पण अटी आहेत. जे मागशील त्याचं माप आणायचं. हातात धरता येईल असं माप, अंदाज नको. म्यान सुकायच्या आत आणायचं. आणि सुकेपर्यंत विळा बाहेर काढून बघायचा नाही. डोकावायचंसुद्धा नाही."

"डोकावलं तर?"

"तर इच्छा सैल पडेल," परी म्हणाली.

काय मागायचं हे सोनकीला विचारावंच लागलं नाही. आईचा हात! तो पूर्वीसारखा व्हावा, बस. ती धावत सुटली आणि अर्ध्या वाटेत थबकली. माप कुठून आणायचं? आईच्या हाताचं माप घेतलं तर ते आखडलेल्या हाताचं येणार. बरा हात तर आता कुठेच नव्हता. जे नाहीच त्याचं माप कसं घेतात? हा प्रश्न तिच्या शंभरांतला नव्हता. तिला रडू आलं.

रडतच ती गोंदाआजोबांच्या अंगणात पोचली, कारण कातडं दुसऱ्याला दिलं हे तरी सांगायला हवं होतं. आजोबा पोळ्यातलं मेण वितळवून गोळे करत होते.

"आजोबा, तुमच्या म्यानाचं कातडं मी देऊन टाकलं. चुकलं माझं."

"असू दे पोरी. कातडं मी आणीन की बाजारातनं," आजोबा म्हणाले. "पर तुझ्या आईसारखं दाबायचं कुणी? ह्ये बघ." त्यांनी कमरेचं जुनं म्यान काढून तिच्या हातात दिलं.

तिने ते हजारदा पाहिलं होतं. पण आज ते नीट धरलं, तर आपोआप तिचा अंगठा पुढच्या बाजूला एका खळीत बसला आणि चार बोटं मागच्या चार खळ्यांत. खळ्या तिच्या बोटांना मोठ्या होत होत्या.

"आजोबा, या खळ्या कसल्या?"

"तुला ठाऊक न्हाई? तुझ्या आईची बोटं ती! ओल्या कातड्यात दाबली तशीच ऱ्हायली. बारा वर्सं झाली, सुरी घालताना माझी बोटं तितंच बसतात."

सोनकी ओरडलीच. "आजोबा, मेण द्या! थोडंसंच!"

कोमट मेण तिने एकेका खळीत दाबलं, गार होऊ दिलं आणि हळूच सोडवलं. पाच पिवळे, चिमुकले उंचवटे! आईच्या बऱ्या हाताची पाच बोटं, टोकांपुरती. आजोबांनी पळसाच्या पानाचा द्रोण केला, त्यात गार पाणी घातलं. "उनात मेण मऊ व्हतंय. पाण्यात ठेव आन् सांडू नको."

ऊन चांगलंच तापलं होतं. सोनकीला धावायचं होतं, पण धावलं तर पाणी सांडणार. ती जपून, भरभर, ओठ दाबून चालत राहिली. म्यान सुकलं तर नसेल?

परी ओढ्याकाठी वाट बघत बसली होती. पोचताच सोनकीने म्यान उचललं आणि आई करायची तसं गालाला लावलं. गालाला गार लागलं की कातडं अजून ओलं असतं. टोकाशी थोडंसं, अगदी नखाएवढं, गार लागलं. ती वेळेत आली होती!

आता थांबायचं. आणि हेच तर तिला येत नव्हतं! म्यानाच्या तोंडातून निळसर उजेड मिचकावत होता. आत काय होतंय? विळ्याचा आकार उमटला असेल का? बोटं शिवशिवू लागली. सोनकीने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि द्रोणातल्या पाच उंचवट्यांकडे बघत बसली. एक काजळी रंगाचं फुलपाखरू येऊन तिच्या गुडघ्यावर बसलं, तरी ती हलली नाही.

कितीतरी वेळाने तिने म्यान पुन्हा गालाला लावलं. ऊबदार!

परीने ते हातात घेतलं, उलटं धरलं, गदागदा हलवलं. विळा जागचा हलला नाही. मग तिने तो ओढला, टक्! पुन्हा घातला, टक्! आणि ती खुदकन हसली.

"माप?" तिने विचारलं. सोनकीने द्रोण पुढे केला. "पाचच बोटं? आणि तीही पूर्वीचीच? याहून मोठं काही मागता आलं असतं गं."

"मोठं बसायचं नाही," सोनकी म्हणाली. "माझ्या आईला हेच बसतं."

परीने मेणाच्या पाचही उंचवट्यांवर एकेक दवाचा थेंब ठेवला. थेंब आत मुरले. पंखांवरचे काप मिटत गेले, फुलं एकदम जास्त निळी, जास्त पिवळी दिसू लागली, आणि लखकन झालेल्या उजेडात परी दिसेनाशी झाली. कमरेला म्यान लावून गेली.

सोनकी घरी पळाली, आता मात्र वाऱ्यासारखी. आई दारात उभी राहून उजव्या हाताकडे बघत होती. बोटं उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती.

"सोनके, ह्ये काय झालं गं?" आईने विचारलं.

शंभर प्रश्न विचारणारी पोर, एका प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ आली तर आईच्या पोटाशी तोंड लपवून रडत बसली. आईने तिच्या केसांत बोटं घातली आणि कितीतरी महिन्यांनी तिची घट्ट वेणी घातली.

दुसऱ्या दिवशी गोंदाआजोबा कातडं घेऊन आले. आईने नवं म्यान शिवलं, भिजवलं, सुरी सरकवली. मग सोनकीचा अंगठा कातड्यावर ठेवला आणि त्यावर आपला.

"इथं दाब. सुकेतवर बघायचं न्हाई."

"नाही बघणार," सोनकी म्हणाली, आणि खरंच तिने बघितलं नाही.

त्या डोंगरातली म्यानं तुमच्या हाती आली तर नीट चाचपून पाहा. पुढच्या बाजूला अंगठ्याची एक मोठी खळी असते, आणि तिच्या आत आणखी एक असते, छोटीशी, आठ वर्षांच्या अंगठ्याएवढी.