टिमकी उंदरीची घोंगडी

एक होती उंदरी. तिचं नाव टिमकी. टिमकीची होती एक घोंगडी. काळी काळी, उबदार.

एकदा शेळी आली. मच मच मच! घोंगडी खाऊन गेली. शेळीच ती! तिला पाला काय नि घोंगडी काय!

टिमकीला वाजली थंडी. कुड कुड कुड!

तुरु तुरु तुरु, टिमकी गेली रेवप्पा आजाकडे. आजा घोंगड्या विणायचा.

"आजा, आजा, घोंगडी दे!
थंडी जाईना!"

"माझे हात दमले गं. माझी नात गोजरा शिकेल, तर घोंगडी मिळेल."

तुरु तुरु तुरु, टिमकी गेली गोजराकडे.

"गोजरा, गोजरा, विणायला शीक!
आजा विणेना,
थंडी जाईना!"

"मागावर सूतच नाही. आई कातेल, तर शिकेन."

तुरु तुरु तुरु, टिमकी गेली गोजराच्या आईकडे.

"आई, आई, सूत कात!
गोजरा शिकेना,
आजा विणेना,
थंडी जाईना!"

"लोकरच नाही बाई. मेंढी देईल, तर कातेन."

तुरु तुरु तुरु, टिमकी गेली मेंढीकडे.

"मेंढी, मेंढी, लोकर दे!
आई कातेना,
गोजरा शिकेना,
आजा विणेना,
थंडी जाईना!"

"बेंऽऽ! आधी भूक! बाभूळ शेंगा देईल, तर लोकर देईन."

तुरु तुरु तुरु, टिमकी गेली बाभळीकडे.

"बाभळी, बाभळी, शेंगा दे!
मेंढी देईना,
आई कातेना,
गोजरा शिकेना,
आजा विणेना,
थंडी जाईना!"

"वारा मला हलवेल, तर देईन."

वारा झोपला होता डोंगरावर. घुर्र घुर्र!

"वाऱ्या, वाऱ्या, ऊठ ना रे!
बाभूळ देईना,
मेंढी देईना,
आई कातेना,
गोजरा शिकेना,
आजा विणेना,
थंडी… थंडी… आऽऽक् छी!"

एवढीशी टिमकी, पण शिंक केवढी! वारा दचकून उठला.

वारा सुटला, सूं सूं! बाभळीने शेंगा दिल्या, टप टप! मेंढीने लोकर दिली, कच कच! आईने सूत कातलं, गर गर!

गोजरा मागावर बसली. आजा तिच्या शेजारी बसला. खटक खटक! तट्!

"आजा, धागा तुटला!"

"तुटू दे. ही बघ, अशी गाठ मार."

गोजराने गाठ मारली. खटक खटक! तट्! पुन्हा गाठ. खटक खटक! झाली घोंगडी.

अगं बाई! वाकडी तिकडी, गाठी गाठींची, तळहाताएवढी!

गोजराने तोंड पाडलं. "ही कुणालाच पुरायची नाही!"

टिमकी सुळ्ळकन आत शिरली.

"मला पुरली! शेपटीसकट पुरली!"

आजा खो खो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. केवढा आनंद झाला त्याला!

"शिकली गं माझी गोजरा! आता माझी घोंगडी तूच विण."

खटक खटक, खटक खटक!

टिमकी झोपली घोंगडीत, तुम्ही शिरा आईच्या कुशीत!