एक जूनची माणसं

पेन्शन कचेरीतल्या जुन्या मेनफ्रेम संगणकावरची नावं नव्या डेटाबेसमध्ये न्यायची होती. आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळली, की वाघचौरेसाहेबांचा नवा प्रोग्राम दुसरं नाव बोगस म्हणून गाळायचा.

“गेनूकाका, तीस वर्षं मेनफ्रेम सांभाळलात, पण हे नऊशे बोगस म्हातारे दिसले नाहीत? सगळे एक जूनचे!”

नऊशे जणांची पेन्शन बंद होणार, या विचारानं काकांना गलबलून आलं. ते सावकाश म्हणाले, “साहेब, यांची खरी तारीख घरी कोणाला ठाऊक नव्हती; शाळेत घालताना गुरुजींनीच ती लिहिली. तुमचा केक आपण कधी कापला?”

“एक जूनला.”

“आणि थोरल्या भावाचा वाढदिवस?”

साहेब पुटपुटले, “त्याच दिवशी.”

“मग दोघांतल्या कोणाला गाळू?”

साहेबांनी नऊशेच्या नऊशे म्हातारे परत घेतले आणि काकांसाठी चहा मागवला.