हरलेला माणूस आणा

हिंगणपूरचा न्यायाधीश सकाळी वारला आणि दुपारपासून राजा गुमानरावाला जेवण गोड लागेना. कारण त्या गावात न्यायाधीश राजा नेमत नसे, लोक निवडत. चावडीपुढे उमेदवारांची मडकी मांडायची, घरटी एक चिंचोका टाकायचा, ज्याचं मडकं जड त्याची गादी. राजाला मात्र ती गादी मेहुण्याला, हैबतरावाला द्यायची होती. राणीसाहेबांनी तसं ताटावर तीनदा बजावलं होतं, आणि राजा लढाईला भीत नसला तरी ताटाला भीत होता.

अर्ज दोनच आले. एक हैबतरावाचा. दुसरा चिमाबाईचा, म्हणजे कचेरीच्या मागच्या दारी पाणी भरणाऱ्या बाईचा. खटला जिंकलेला पुढच्या दाराने पेढे वाटत जाई. हरलेला मागच्या दाराने निघे, चिमाबाईचं पाणी पिई आणि तिथेच बसून रडगाणं गाई. ते ऐकता ऐकता वीस वर्षांत बाईने निम्म्या गावाची भांडणं निकाली काढली होती. गाव तिच्या बाजूचं, हे हैबतरावाच्या घोड्यालासुद्धा ठाऊक होतं.

राजाने तिला बोलावलं. "काय गं चिमाबाई, न्यायाधीश व्हायचंय?"

"लोक म्हणतात म्हणून, महाराज."

"मग आधी लायकी दाखव. तुझ्या निकालाने हरलेला माणूस दरबारात आण. त्याने म्हणायचं, निकाल बरोबर आहे. तो तुझ्या नात्यातला नको, तुझ्याकडून काही घेतलेला नको आणि कुणाला घाबरून बोलणारा तर मुळीच नको. तीन दिवस देतो. नाही जमलं तर अर्जही गेला आणि पाण्याचं कामही गेलं."

पहिल्या दिवशी तिने एक तेली आणला. भला माणूस, पण राजाला बघताच तो खांबाआड लपला.

"घाबरलाय. बाद," राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पैलवान आणला. छाती दरवाजाएवढी, आवाज मात्र चिमणीएवढा निघाला.

"हाही बाद."

हैबतराव मिशीतल्या मिशीत हसला. मिशी मोठी होती, हसू मावलं.

तिसऱ्या दिवशी चिमाबाई एकटीच आली.

"माणूस कुठाय?" राजाने विचारलं.

"इथंच आहे, महाराज. पण आधी खटला तर चालू द्या. फिर्यादी मी, आरोपी आपण. अर्ज दोन आले आणि अट एकालाच घातलीत, ही फिर्याद."

"आणि निकाल कोण देणार?"

"मीच."

"फिर्यादीही तू आणि न्यायाधीशही तूच? हा कुठला गं न्याय?"

"अट घालताना आपण राजेही होता आणि हैबतरावांचे दाजीही होता. तेव्हा चाललं की."

दरबाराने हसू दाबलं. दोघाचौघांना नाही दाबता आलं.

"निकाल ऐका," चिमाबाई म्हणाली. "अट घालायची तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही. खटला आपण हरलात, महाराज. आता सांगा, निकाल बरोबर की चूक?"

राजा घुटमळला. चूक म्हणावं, तर मेहुण्याला वेगळा न्याय हवा असं भर दरबारात म्हणणं आलं. शेवटी तो पुटपुटला, "बरोबर आहे."

"मग हरलेला माणूस मिळाला. माझ्या नात्यातला नाही, माझ्याकडून पाण्याचा घोटही घेतलेला नाही. आणि या दरबारात उभं राहून न घाबरणारा कोण, म्हणून मी दोन दिवस गाव पालथं घातलं. असा माणूस राज्यात एकच. तो तर सिंहासनावर बसलाय!"

राजाला आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. हसता हसता त्याने पोट धरलं. "हैबतराव, आता तुमची पाळी. तीन दिवसांत तुमचा हरलेला माणूस आणा."

"पण दाजी, मी आजवर एकही निकाल दिलेला नाही."

"मग न्यायाधीश कशाला होताय? अर्ज मागे घ्या."

राजाने अंगावरचा शेला चिमाबाईच्या खांद्यावर टाकला आणि आपली पालखी मागवून तिला घरी पोचवलं. आठ दिवसांनी गावाने तिला गादीवर बसवलं.